बॉयलर तपासणीची नक्कल

प्रिय ताई,

रविवार, १४ जून, सकाळचे सव्वादहा. कपडे वाळत घातले आणि लिहायला बसलो. फोन केला असता, पण तुमचा फोन कायम भाऊजींच्या खिशात. म्हणून ही चिठ्ठी शेजारच्या शिवणवाल्या काकूंच्या हाती देतोय. एकटी असताना वाच.

भाऊजींनी मला कापड रंगवायच्या खात्यात चिकटवलं तेव्हापासून सगळा कारखाना मला ‘मेव्हणे’ म्हणतो. माझ्या भिंतीपलीकडेच त्यांचा बॉयलर. वाफ जास्त झाली की सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्सकन सोडून द्यायचा. मी दचकायचो, पोरं हसायची. थंडीपासून तो आवाजच बंद झाला. सगळ्यांना बरं वाटलं, माझी मात्र झोप उडाली. भाऊजींना विचारलं तर हसून म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही रंग ढवळा, वाफेचं मी बघतो."

सरकारी कचेरीतले कागद कुणालाही मागता येतात, असं पेपरात वाचलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी बॉयलर तपासणीच्या कचेरीत गेलो. मला भीती का वाटते हे मी अर्जात दीड पान लिहिलं होतं. तिथल्या कारकुनाने वाचून विचारलं, मास्तर आहात का? आठवीत शाळा सुटली म्हटलं, तर त्याने पुन्हा एकदा अक्षर न्याहाळलं आणि दीड पान खोडून टाकलं. म्हणाला, कारण द्यायचं नसतं, कुठला कागद हवा तेवढं लिहा. मी तपासणीचा अहवाल आणि त्यानंतरचा पत्रव्यवहार मागितला. पत्ता मात्र कारखान्याचा दिला. चाळीत टपाल हरवतं, म्हणून आम्हा सगळ्यांची पत्रं गेटवरच येतात. ते गेट कुणाचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शुक्रवारी पाकीट आलं. गेटवरच्या मामांनी ते हवेत धरून मेव्हण्यांना सरकारी नोकरी लागली म्हणून पुकारा केला. मॅनेजर साहेब तिथेच उभे होते. त्यांनी शिक्का वाचला आणि पाकीट स्वतः माझ्या हातात दिलं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला, सोमवारी भेट.

पण मी जास्त घाबरलोय ते पाकिटातल्या कागदांना. पहिला कागद तपासनिसाचा: व्हॉल्व्ह अडकलेला आहे, बदलल्याशिवाय बॉयलर पेटवू नये. दुसरा कारखान्याचा: नवीन व्हॉल्व्ह बसवला, चाचणी घेतली, ठीक आहे. काल भाऊजी जेवायला गेले तेव्हा मी आत जाऊन पाहिलं. व्हॉल्व्ह तोच जुना, गंजलेला. वर त्याची दांडी तारेने आवळून बांधलेली, म्हणजे वाफ वाया जायला नको.

ताई, चाचणी घेतली म्हणून त्या कागदाखाली भाऊजींची सही आहे. त्यांना करायला लावली असणार, हे मला कळतं. पण बॉयलर फुटला तर साहेब ती सही पुढे करतील. आणि बॉयलरच्या सगळ्यात जवळ उभा राहणारा माणूसही तेच.

तक्रार लिहून तयार आहे. उद्या कचेरी दहाला उघडली की देणार, साहेबांना भेटण्याआधी. नोकरी जाईल. पण उद्या मोठी ऑर्डर आहे, सातच्या पाळीला बॉयलर पूर्ण दाबावर चालवणार आहेत. बॉयलर चालवायचा परवाना एकट्या भाऊजींकडे, ते आले नाहीत तर तो पेटतच नाही. म्हणून तुला लिहितोय. उद्या त्यांना घराबाहेर पडू देऊ नकोस. पोटात दुखतंय म्हण, भांड, परवाना लपव, काहीही कर. दहानंतर त्यांना सगळं सांग. त्यांनी स्वतः कचेरीत येऊन खरं काय ते सांगितलं तर बरं, मी दारातच थांबेन. नाही आले, आणि परत कधी माझ्याशी बोलले नाहीत, तरी चालेल. तू मात्र बोलत राहा.

तुझाच,
धाकटा