एजंट सतरा अजून दारातच

१ ऑक्टोबर, सकाळी ६.०५
आजपासून कादंबरी. प्रकाशकांची स्पर्धा, शेवटची तारीख ३१. किमान दोनशे पानं. रोज सात पानं म्हणजे २९ला संपते. दोन दिवस शुद्धलेखनासाठी राखीव.
कथानक डोक्यात पक्कं. एक गुप्त खातं व्हॅम्पायरना हेर म्हणून नेमतं. ते आरशात दिसत नाहीत, म्हणजे कॅमेऱ्यातही दिसत नाहीत. इतकी सरळ गोष्ट खात्याला आजवर सुचली नाही, हेच आश्चर्य.
मी शाळा नववीत सोडली. कुलपांचं काम पुस्तकं वाचून, जुनी कुलपं खोलून शिकलो. आज लोक तीन गल्ल्या ओलांडून माझ्याकडे येतात. कादंबरीही अशीच खोलून शिकणार.

२ ऑक्टोबर
एक पान झालं. एजंट सतरा शत्रूच्या फ्लॅटबाहेर. चौथा मजला, हातात ब्रीफकेस. आतली फाइल आणायची आहे.
इथे अडलो. घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम. कुलूप तो चाळीस सेकंदांत उघडतो (दुकानात तसंच कुलूप लावून, घड्याळ समोर ठेवून पाहिलं). पण पुढे काय? शत्रू त्याला ‘या, बसा’ कशाला म्हणेल?
शेजारचा झेरॉक्सवाला टायपिंग करून देणार आहे. तो म्हणाला, नियम गाळून टाका. नियम गाळायचे तर व्हॅम्पायर कशाला, पोस्टमन घ्यावा.

५ ऑक्टोबर
पान एकच. पण मागची पानं पुढे भरून काढता येतील. उद्यापासून रोज नऊ.
वहिनींचा बायकोला फोन. दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू. भेटून येऊ या, असं बायकोचं म्हणणं. मी विचारलं, दादाने स्वतः बोलावलंय का? नाही ना. मग विषय संपला.
नोंदीसाठी लिहून ठेवतो. पाच वर्षांपूर्वी दादाच्या बाथरूमला मी माझ्या स्वतःच्या डिझाइनची कडी बसवली. दादा आत दोन तास अडकला. वहिनींनी दुसरा कुलूपवाला आणून ती तोडली. कडीत दोष नव्हता. ती आधी वर उचलून मग डावीकडे सरकवायची होती. हे मी दाराबाहेरून शांतपणे समजावत होतो. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “बोलावल्याशिवाय माझ्या दारात पाय ठेवू नकोस.” मी शब्दाचा पक्का. दोन गल्ल्यांवर घर आहे, पाच वर्षांत पाय ठेवला नाही.
याचा कादंबरीशी काही संबंध नाही.

९ ऑक्टोबर, सकाळी ७.२०
अनुभवाशिवाय लेखन पोकळ. व्हॅम्पायर आरशाशिवाय दाढी कशी करत असेल? आजपासून आरसा बंद.

९ ऑक्टोबर, सकाळी ७.४५
हनुवटीवर दोन जखमा. मिशीची डावी बाजू गेली.

१० ऑक्टोबर
उजवी बाजूही काढली. सव्वीस वर्षांची मिशी. बायको बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, वरचा ओठ इतका लांब आहे हे लग्नाआधी कळायला हवं होतं. दुकानात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी मला विचारलं, मालक कुठे गेले?
निरीक्षण मात्र मौल्यवान. एजंट सतराला मिशी नसणार.

१४ ऑक्टोबर
प्रयोग दुसरा. झेरॉक्सवाल्याच्या दारात उभा राहिलो, तो ‘या’ म्हणेपर्यंत आत जायचं नाही. तो मशीनमध्ये डोकं घालून बसलेला. पाच मिनिटांत माझ्या मागे एक बाई कागद घेऊन उभी राहिली. मग एक कॉलेजची मुलगी. मग आणखी तिघं. वीस मिनिटांनी मागून कुणीतरी विचारलं, काका, रांग पुढे का सरकत नाहीये? झेरॉक्सवाल्याने वर बघितलं आणि दुकान खूप चालतंय असं समजून खूश झाला. मला ‘या’ म्हणालाच नाही.
निष्कर्ष: निमंत्रण मिळणं वाटतं त्यापेक्षा अवघड. पान एकच.

१९ ऑक्टोबर
आजपासून रोज सतरा पानं. शक्य आहे. फक्त हा दाराचा प्रश्न सुटला पाहिजे. शत्रूला दारू पाजून बोलवायला लावावं? शत्रू पीत नाही, पान एकवर तसं लिहून बसलो आहे. मोलकरीण फितवावी? तिला बोलावण्याचा अधिकार आहे का? बायकोला विचारलं. ती इस्त्री करत होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, “भावजींनी बोलावलं नाही म्हणून तुम्ही जाणार नाही, शत्रूने बोलावलं नाही म्हणून तुमचा तो जाणार नाही. दोघं बसा जिन्यात गप्पा मारत.”
साहित्य न समजणाऱ्यांशी चर्चा बंद.

२३ ऑक्टोबर
वहिनींचा बायकोला निरोप. दाराचं लॅच लागत नाही, दार सताड उघडं राहतं, घरात डोळ्याचा पेशंट. दुसरा कुलूपवाला नाही का? आहे, पण दादाला तो नको म्हणे.
मी विचार केला. कामाला जाणं म्हणजे घरी जाणं नव्हे. मिस्त्री हा पाहुणा नसतो. शब्द मोडत नाही. उद्या अकराला.

२४ ऑक्टोबर, दुपारी २.३०
तपशीलवार लिहितो.
दार उघडं. चौकटीवरची पट्टी, जिच्यात लॅचची जीभ बसते, ती लोंबत होती. दोन स्क्रू गायब. सगळं काम उंबऱ्याबाहेर उभं राहून करायचं ठरवलं. हात आत, पाय बाहेर. (हाताला निमंत्रण लागतं का? तपासणे.)
दादा समोरच खुर्चीत. काळा चष्मा, पडदे ओढलेले, उजेड सहन होत नाही. व्हॅम्पायरच्या निरीक्षणाला इतकी सोयीची संधी पुन्हा मिळणार नाही, म्हणून नीट पाहून घेतलं. वाळलाय.
“कोण आहे?”
“लॅचवाला.”
दादाने आवाजाकडे कान केला. मग म्हणाला, “मिस्त्री, आत या.”
मिशी नाही, चष्मा काळा. ओळखलं नसणार. अनोळखी समजून दिलेलं निमंत्रण ग्राह्य धरावं का, हा प्रश्न फार खोल आहे. त्यावर विचार करता करता दोन्ही पाय आत आले होते.
स्क्रू सापडले. दादाच्या डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीशेजारी, बशीत. आपोआप निघालेले स्क्रू जमिनीवर पडतात, बशीत जात नाहीत. शिवाय खुर्चीच्या गादीखालून स्क्रूड्रायव्हरची मूठ दिसत होती. या घरात कुणीतरी घातपात करतंय. वहिनींना सावध केलं. त्या तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या.
पट्टी बसवली. चहा आला. माझ्या कपात साखर बरोबर अडीच चमचे होती, हा योगायोग.
मिस्त्री आणखी काय करतात, दादाने विचारलं. मी कादंबरी सांगितली. खातं, ब्रीफकेस, चौथा मजला. दादा हूं हूं करत ऐकत होता. शेवटी विचारलं, तुमचा माणूस दारात किती वेळ उभा आहे? मी म्हटलं, बावीस दिवस. पण तो कितीही थांबेल, पाच वर्षंसुद्धा. तत्त्वाचा प्रश्न आहे.
दादाने चष्मा काढून डोळा पुसला. ऑपरेशननंतर पाणी येतंच.
“त्याला सांग, बेल वाजव,” दादा म्हणाला. “आतला माणूससुद्धा वाटच बघत असतो रे गाढवा.”
मिस्त्रीला अरे-तुरे करायची पद्धत मला आवडली नाही. पण पेशंट होता, सोडून दिलं.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.००
स्पर्धेची मुदत संपली.
कादंबरी मात्र पूर्ण झाली. पान एकच्या खाली उरलेल्या जागेत: ‘त्याने बेल वाजवली. आतून या म्हणाले. चहा झाला.’ दोनशे पानांचं काम तीन वाक्यांत आटोपलं. फाइलचं काय झालं, असं झेरॉक्सवाला विचारत होता. फाइल राहिलीच.
मिशी फुटते आहे, एक बाजू पांढरी.
आत्ताच वहिनींचा फोन, या वेळी मला. परवा सकाळी अकरा वाजता बाथरूमची कडी निखळणार आहे, असं दादाने कळवलंय. कडी कधी निखळणार हे माणसाला आधी कसं कळतं, याचा विचार करतोय.