सात गोळ्या आणि घट

९ सप्टेंबर, मंगळवार

खोटं बोलले. परत!

अंगणवाडीत गरोदर बायांची तपासणी होती. दैवशाला सिस्टरने सगळ्यांसमोर विचारलं – अंगावरून पांढरं जातं का, वास येतो का, खाज? पंधरा जणी कान टवकारून बसलेल्या. मी म्हटलं, नाही.

पाचवा महिना चालू आहे. महिनाभर त्रास आहे. मागच्या खेपेलाही असाच होता. तेव्हाही कुणाला बोलले नव्हते.

११ सप्टेंबर

योगीराजचा चाकणहून फोन. कंपनीत डबल ड्यूटी. सगळं सांगायचं ठरवून बसले होते. "जरा त्रास होतोय" एवढंच निघालं तोंडातून. तर म्हणे, "आईला विचार की." झालं! नवऱ्याला सांगता येईना ते सासूला, आत्याबाईंना सांगायचं.

आत्याबाईंचं एकच पालुपद – "आमच्या घरात असं कवा झालं न्हाई." असं म्हणजे माझी पोरगी. सातव्यातच आली, दोन दिवस राहिली. नावसुद्धा ठेवलं नव्हतं. दोन घागरी उचलल्या म्हणून झालं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही तेच धरून बसले.

या घरात मी सोडून सगळ्यांना बोलता येतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सोनोग्राफी आहे अशी थाप मारून एकटीच जिंतूरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर मॅडमला पहिल्या बाळंतपणाचं सांगितलं आणि मग बाकीचंही सगळं सांगून टाकलं. रडले. त्यांनी कापसाची काडी आत फिरवून नमुना घेतला. दोन मिनिटंही लागली नाहीत. एवढ्यासाठी मी दोन वर्षं घाबरले!

दुपारी रिपोर्ट आला. आत जंतुसंसर्ग आहे. मॅडम म्हणाल्या, यानेही दिवस भरायच्या आत बाळ होऊ शकतं. मागचं कशाने झालं ते आता सांगता येणार नाही. औषधानेही खात्री नाही, पण धोका कमी होईल. सात गोळ्या दिल्या. गिळायच्या नाहीत, झोपताना आत ठेवायच्या. एकही चुकवायची नाही.

येताना बसमध्ये त्या घागरीच डोळ्यांसमोर. उगाच शिव्या घातल्या बिचाऱ्यांना.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. पाऊस उघडीप देईना, माती ओलीच मिळाली. आत्याबाईंचे नऊ दिवस उपवास, त्यात गुडघे धरलेले. म्हणून अखंड दिव्याला तेल घालायचं माझ्याकडे.

तीन गोळ्या झाल्यात. आज चौथी. पण तसलं औषध अंगात ठेवून घटाला हात कसा लावायचा? देवीला चालेल? विचारू कुणाला?

ठेवली नाही. नऊ दिवसांनी घेईन.

२५ सप्टेंबर

चौथी माळ. गहू उगवायला लागलेत. चार गोळ्या साड्यांच्या घडीत. वास परत येतोय. बाळ हललं की बरं वाटतं आणि लगेच भीती वाटते. आज दिवसभरात कुणाशी दहा वाक्यंही बोलले नसेन.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं उघडं पडलं!

दैवशाला सिस्टर घरी आली. जिंतूरहून तिला कळलं होतं. आत्याबाई ओसरीवर वाती वळत होत्या, त्यांच्या देखतच विचारलं, गोळ्या संपल्या का? मी साड्यांची घडी उलगडली. चार काढून दाखवल्या. का थांबवल्या तेही सांगितलं. ती ओरडली नाही. अर्धवट औषधाने जंतू मरत नाहीत एवढं म्हणाली. मॅडमना फोन लावला, पुन्हा पहिल्यापासून सात ठेवायच्या असं ठरलं, कमी पडलेल्या स्वतः आणून दिल्या. आणि आत्याबाईंना समजावलं – कशाचं औषध, कशासाठी, सगळं. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आत्याबाई संध्याकाळपर्यंत वातीच वळत बसल्या. वाटलं, आता माहेरी धाडतात.

दिवेलागणीला मी तेलाची बुधली घ्यायला गेले तर ती त्यांच्या हातात. गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"दिवा म्या बघते," म्हणाल्या. "तू तुझी गोळी ठेव."

३० सप्टेंबर

चार झाल्या, आज पाचवी. वास कमी आहे. रोज सकाळी आत्याबाई नुसत्या भुवया उडवून विचारतात, मी मान हलवते. आमचं बोलणं एवढंच. पण आहे!

२ ऑक्टोबर, दसरा

काल सहावी झाली, आज शेवटची. घट हलवले. त्यातले तुरे आत्याबाईंनी माझ्या केसांत खोवले.

३ ऑक्टोबर

आज भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता बोलल्या. "योगीराजच्या आदी दोन गेली. दोन्ही सातव्यातच. मला बी असंच जायचं, कुणाला सांगितलं न्हाई."

मग तव्यावरची भाकरी करपली तरी उलटेनात.

"ही गोळी तवा बी असंल का गं?"