पहिली वाटी आईची

दि. २ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

टिल्लीचा ताप उतरला, पण पोरीच्या अंगावर आता नुसती हाडं राहिली आहेत. परवा डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि पुन्हा केलं. कडधान्यं, दूध, अंडी द्या म्हणाल्या. पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही तर भरती करून घेऊ. तेव्हापासून मी रोज रात्री तिच्या फासळ्या चाचपून बघते. पाच वर्षांची पोर, तिसऱ्या पायरीलाच धापा टाकते गं.

यांना छापखान्यात आठवड्याचे तीनच दिवस काम आहे. मी बाजार उठायच्या वेळेला जाते, तेव्हा भाजीवाले उरलंसुरलं स्वस्तात देतात. मऊ पडलेले टोमॅटो, पिवळ्या देठांचा पालक. गॅस तर संपेल या धास्तीने जीव मुठीत धरूनच पेटवते. स्वस्तातलं आणि अंगी लागणारं काही ठाऊक असेल तर लिही. माझी काळजी करू नकोस, मी व्यवस्थित जेवते.

तुझी माया अशीच राहू दे.

झोपाळू

दि. ६ मार्च

चि. झोपाळूबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

व्यवस्थित जेवते म्हणे! थापा कोणाला मारतेस? तू मापाला पाठवलेला ब्लाउज आधीच्यापेक्षा चार बोटं अरुंद आहे. मी शिंपीण आहे बाई, मला टेप सगळं सांगते. स्वतःच्या ताटातलं टिल्लीच्या ताटात सारतेस ना?

आता नीट ऐक. पुड्यातली बिस्किटं बंद कर, पैसे जातात आणि पोटात नुसती साखर. भाजी हंगामातली घे, कोबी आणि गाजर टिकतात. आणि सुटा लाल राजमा घे, मूठभर भिजवला की पातेलं भरतं. गॅस वाचवायला आईची खोक्याची युक्ती कर. रात्रभर भिजव, सकाळी ते पाणी फेक, घट्ट झाकणाच्या पातेल्यात कडकडीत पाणी ओतून राजमा घाल आणि पातेलं जुन्या ब्लँकेटात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेव. दुपारपर्यंत आपोआप होतो. शाळेतून आल्यावर आपण दोघी कशा तुटून पडायचो, आठवतं ना?

आणखी एक. हे टिल्लीला मोठ्याने वाचून दाखव: पहिली वाटी आईची. आईने बसून खाल्ल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही. मावशीची शपथ आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, अंगावर थोडं मांस वाढव.

तुझी ताई

दि. १२ मार्च, तातडीचे

झोपाळू, राजमा कोणालाही देऊ नकोस. आशीर्वाद मागाहून.

आज सकाळी खोक्यात ठेवण्याआधी मी राजमा गॅसवर खळखळ उकळत होते, नेहमीच्या सवयीने, आणि एकदम लक्षात आलं. हे मी तुला लिहिलंच नाही! आई पहाटे उठून आधी राजमा चांगला उकळून घ्यायची, मगच तो खोक्यात जायचा. मी तिच्याशेजारी उभी असायचे. तू पांघरुणात. तू उठायचीस तेव्हा पातेलं खोक्यात गेलेलं असायचं, तुला फक्त खोकंच माहीत. मला वाटलं, हे काय लिहायचं, सगळ्यांना ठाऊक असतं.

शेजारच्या नर्सबाईंना विचारलं तर त्या ताडकन उठल्या. लाल राजमा न उकळता नुसता उबेत ठेवला तर विषच, म्हणाल्या. धडधाकट माणूस आडवा होतो. टिल्लीचं नावही न काढता मी तशीच फोनकडे धावले.

तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात फोन लावला, नुसता वाजतोय. हे पत्र जलद टपालाने टाकते आहे. देवा, तू आळस केलेला असू दे. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणते, तुझ्या आळसावर माझा भरवसा आहे.

ताई

दि. १३ मार्च

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करा. आज दुपारी टिल्ली झोपली होती, मी छापखान्यात होतो, ही शपथेप्रमाणे आधी एकटीच जेवली. दोन तासांनी मी आलो तर टिल्ली नुकतीच उठलेली आणि हिला उलट्या, थांबेचनात. रिक्षात घालून दवाखान्यात आणलं. सलाईन लावलंय. डोळे उघडते, पण बोलत नाही. डॉक्टर म्हणाल्या, कित्येक महिने अर्धपोटी राहिलेलं शरीर आहे, एकदम पोटभर खाल्लेलं सोसलं नसेल.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे राजमा केला होता. पातेलं खोक्यात अजून गरम असेल. रिक्षात बसवताना हिने एवढंच सांगितलं, ते टाकू नका, टिल्लीला पोटभर वाढा. टिल्ली शेजारणीकडे आहे, सकाळपासून उपाशी. आता घरी जाऊन तिला वाढतो.

आपला नम्र,
झोपाळूचे मालक

दि. १६ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

यांचं पत्र वाचून तुझं काय झालं असेल! आधी हे वाच: टिल्ली बरी आहे. तिने एक दाणाही खाल्ला नाही.

यांनी ताट वाढलं. पोरगी तोंड मिटून बसली. पहिली वाटी आईची, म्हणाली. आईने खाल्ली, हे म्हणाले. ती म्हणाली, सगळी बाहेर आली, ती मोजायची नाही. यांनी चुचकारलं, दटावलं, शेवटी पाठीत धपाटा घातला. रडली, पण घास घेतला नाही. मावशीची शपथ, एवढंच घोकत होती. शेवटी पावाचा तुकडा आणि कपभर दूध घेऊन झोपली. यांनी स्वतःही न खाता पातेलं दुसऱ्या दिवसासाठी झाकून ठेवलं. सकाळी तुझं जलद पत्र आलं. ज्या हाताने धपाटा घातला त्याच हाताने यांनी पातेलं गटारात ओतलं आणि पोरीला कडेवर घेतलं.

मी काल घरी आले. पाय लटपटतात, पण चालते आहे. स्वतःला दोष देऊ नकोस. तुझ्या चुकीने मी पडले आणि तुझ्याच शपथेने माझी पोर वाचली, मी कुठल्या तोंडाने रागावू? टिल्लीचं वजन माझ्यामुळे लांबलं, ते परवा आहे. भीती अजून तशीच आहे. आज अंड्याच्या कालवणाची पहिली वाटी मी खाल्ली, टिल्ली समोर बसून गिळेपर्यंत बघत होती.

एक काम कर. मी झोपलेली असताना आई आणखी काय काय करायची, ते सगळं लिहून पाठव. क्षुल्लक वाटेल तेही. तेच आधी.

तुझी,
आता पहाटे उठणारी, झोपाळू