छावणीचं फाटक

मंगळवार, ९ एप्रिल
चारा छावणीवर जनावरांची डॉक्टर म्हणून ड्यूटी लागून पंधरा दिवस झाले. आज मन विटलं.
सकाळी दगडाबाई म्हैस घेऊन आली. वस्तीवरून चालत, ऊन चढायच्या आत पोचायचं म्हणून पहाटेच निघालेली. म्हैस गाभण, नववा महिना. फाटकावर सोपान मुकादम यादी घेऊन बसलेला. नाव विचारलं, यादीत बोट फिरवलं आणि म्हणाला, जागा न्हाई. आत दोन दावणी अख्ख्या रिकाम्या. मला दिसत होत्या, त्याला दिसत होत्या, बाईलाही दिसत होत्या.
कारण सगळ्यांना ठाऊक आहे. दगडाबाईचा मुलगा विष्णू दूध सोसायटीच्या निवडणुकीत नानांच्या पॅनलविरुद्ध उभा होता. नाना चेअरमन. छावणी सोसायटीच्या जागेवर. चारा मात्र पुण्याच्या संस्थेचा, लोकांच्या देणगीतून आलेला.
बाई म्हशीला तिथल्याच हौदावर पाणी पाजायला लागली, तर सोपानने तेही नको म्हटलं. मी दहा पावलांवर बैलाला सुई टोचत होते. सुई टोचतच राहिले. हे लिहून ठेवते, म्हणजे विसरता येणार नाही.

गुरु. ११
नानांकडे गेले. सोसायटीचं ऑफिस, कूलर, चहा. त्यांच्या डोक्यामागच्या भिंतीवर संस्थेचं पत्र चिकटवलेलं. त्यात ठळक लिहिलंय, येईल त्याचं जनावर घ्यायचं, आधी अशक्त आणि गाभण. मी त्या कागदाकडे बोट दाखवलं. नानांनी मागे वळूनही पाहिलं नाही.
आवाज चढवत नाहीत ते. म्हणाले, ही सोसायटी आम्ही डोक्यावर किटल्या वाहून उभी केली. ज्यांनी गावोगाव तिला शिव्या घातल्या त्यांनी आता तिच्याच दारात यायचं का? मी म्हटलं, शिव्या विष्णूने घातल्या, म्हशीने नाही.
मग हसले. "मॅडम, तुमी जनावराचं बघा. मानसाचं आमी बघतो."
चहा पिऊन आले याचाच राग येतोय.

शुक्र. १२
दुपारी दगडाबाईच्या वस्तीवर. म्हैस छपराचं पाचट खाते आहे. म्हणजे बाई रोज स्वतःच्या छपराचं पाचट उपसून तिच्यापुढे टाकते. अर्ध्या खोलीत ऊन आलंय. म्हशीच्या बरगड्या मोजता येतात, पोट तेवढं खाली लोंबतंय. सलाईन लावलं.
बाई म्हणाली, "माज्यापायी कावून वाईट होता, बाई? तुमाला नोकरी करायची हाय."
परत येऊन पुण्याला सविस्तर पत्र लिहिलं. नावानिशी, कुणाची जनावरं परत पाठवली, कोणत्या दिवशी. एक प्रत केजला, तहसीलला. दोन्ही पोस्टात टाकून आले. पुण्याला मोबाइलवर पत्राचे फोटोही पाठवले.

शनि. १३
पुण्याहून फोन. बोलणारे गृहस्थ तरुण असावेत, फार ऐकून घेतलं. म्हणाले, सोमवारपासून फाटकावर कोणतं जनावर आत घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, नाहीतर चाऱ्याचा ट्रक येणार नाही. तसं नानांनाही कळवलंय.
इतकं सोपं होतं तर पंधरा दिवस मी काय करत होते?

रवि. १४, जयंती
माहेरी. निळे झेंडे, मिरवणूक, आईच्या हातचं जेवण. छावणीची बातमी माझ्याआधी पोचलेली. मिलिंद, माझा थोरला भाऊ, शाळामास्तर. जेवताना म्हणाला, आता फाटक तुझ्या हातात आहे तर आपल्या वस्तीची जनावरं आधी घे. मी म्हटलं, अशक्त असतील तर आधीच येतील. तो म्हणाला, "आपण कायम रांगेच्या टोकाला. एकदा पुढं उभं केलं तर कुनाचं काय जातं?"
तो खोटं बोलत नाही. गावच्या आडावर आईला कुणी पाणी भरू दिलं नव्हतं, ते काय मला माहीत नाही? पण मग मी आणि सोपान यांत फरक काय, यादी कुणाची एवढाच?
आई मध्येच म्हणाली, जेवू द्या तिला.

सोम. १५
रांग फाट्यापर्यंत. आधी गाभण, मग दुभती, मग म्हातारी आणि हाडं निघालेली. नाव नंतर विचारायचं. सोपान बाजूला खुर्ची टाकून बघत बसला.
दगडाबाईची म्हैस आत. नानांच्या पुतण्याचे दोन बैल धष्टपुष्ट, त्यांना थांबवलं. मिलिंदची म्हैस बरी आहे, तिलाही थांबवलं. सोबत आलेला वस्तीवरचा माणूस माझ्याकडे असं बघत होता, जसं मी त्याला ओळखतच नाही.
संध्याकाळपर्यंत दोन्ही रिकाम्या दावणी भरल्या.

गुरु. १८
आता दुसरी बाजू.
विष्णू चार-पाच पोरं घेऊन आला. म्हणे, मॅडम, तुमी लई चांगलं काम केलं, आता नानाच्या माणसांची जनावरं बाहेर काढा. इतके दिवस त्यांनी फुकट खाल्लं. मी म्हटलं, त्यांच्यातही अशक्त आहेत, गाभण आहेत. तो म्हणाला, असतील. आमचीही होती.
नाही म्हणून सांगितलं. तुझ्या आईच्या म्हशीला सोपानने जे केलं तेच तू करायला सांगतोयस. तोंड एवढंसं झालं त्याचं, पण मागे पोरं उभी होती. जाताना म्हणाला, मग ट्रक कसा येतो ते बघू.

शनि. २०
ट्रक कालपासून फाट्यावर. विष्णूच्या पोरांनी आडवी बैलगाडी लावलीय. नानांनीही ट्रक सोडवायला माणूस पाठवला नाही. त्यांचा हिशेब, विष्णूची बदनामी होतेय तर होऊ द्या. पोलिसांना फोन केला, येतो म्हणाले. छावणीतले उसाचे वाढे संपले. काल दुपारपासून दावणीत नुसतं पाणी. जनावरं हंबरत नाहीत आता, नुसती मान टाकून उभी आहेत. एवढ्या जनावरांची शांतता कधी ऐकली नव्हती.
दोन बाजू, दोन्हीकडे शहाणी माणसं, शिकलेली, सोसायटीच्या सभेत सहकारावर भाषणं करणारी.

रवि. २१
सकाळी ट्रक सुटला. दगडाबाई स्वतः फाट्यावर जाऊन बैलगाडीच्या जुवाला धरून उभी राहिली म्हणे, तेव्हा. मुलाशी काय बोलली कुणी सांगत नाही.
उशीर झाला. रहीमचाचाची गाय पहाटे गेली. चाचा छावणीत कडबा कापायच्या यंत्रावर. ना नानांचा, ना विष्णूचा. दिवसभर दुसऱ्यांच्या जनावरांसाठी कडबा कापायचा. गाय म्हातारी होती, आधीच बसलेली, तरी दोन दिवस उपाशी राहिली नसती तर जगली असती. मला खात्री आहे.
शवविच्छेदन केलं. तेवढ्यात नानांचा माणूस आला, अहवालात ट्रक अडवणाऱ्यांची नावं घाला म्हणाला. तासाभराने विष्णूचा आला. चारा आधीपासून कुजका होता असं लिहा.
मी लिहिलं, उपासमार. कुणामुळे ते रकान्यात मागितलेलं नाही, तरी खाली दोघांबद्दलही लिहिलं. ट्रक कुणी अडवला, आणि कुणी सोडवला नाही.
चाचा गाईच्या डोक्याशी बसलेले. म्हणाले, "ती कोनत्या पार्टीची होती, ते इचारत होते काय?"

सोम. २९
मिलिंदचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. आई म्हणते, त्याची म्हैस आता सुकायला लागलीय. उद्या आणायला सांगितलंय. आता बसेल नियमात. हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. सुकायची वाट बघत होते का मी?
चूक होते का माझी? कायम मागे ठेवलेल्याला इतरांच्या बरोबर उभं करणं म्हणजे खरंच समान का? माहीत नाही. पण फाटकावर रोज सकाळी ठरवावं लागतं, आणि तेव्हा हाडं सोडून दुसरं काही बघायला लागले तर मला थांबता येणार नाही.

शुक्र. ३ मे
केजहून पत्र. माझ्याविरुद्ध दोन तक्रारी, एकाच दिवशी दाखल. पहिली सोसायटीची. डॉक्टरबाई आपल्या जातीच्या लोकांची जनावरं घेतात. दुसरी विष्णूच्या गटाची. डॉक्टरबाई चेअरमनला विकल्या गेल्या. दोन्हींवर सह्या, अंगठे. वाचून हसायला हवं होतं. नाही आलं हसू. इतका संताप आला की कागद खाली ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले.
मंगळवारी अकराला सुनावणी. तोवर ट्रक थांबवलाय, पुण्याच्या त्या गृहस्थांनीच. वरून सांगितलंय म्हणाले, आवाज पडलेला.

रवि. ५ मे
चारा मंगळवार सकाळपर्यंत पुरेल, वाटणी कमी केली तर. केली.
दुपारी एक जण बैल घेऊन धावत आला. पोट टम्म फुगलेलं, बैल पाय झाडत होता. तक्रारीच्या कागदावर या माणसाची सही पाहिलीय, वरून तिसरी. त्यालाही कळलं, की मला कळलंय. सोपान खुर्चीवरून उठून बघायला आला.
तो माणूस चाचरत म्हणाला, "मॅडम, मी कोन हाय ते..."
म्हटलं, दोर घट्ट धरा. नळी घातली. गॅस निघायला लागला, वास सुटला, बैलाने डोळे मिटले. जगेल बहुतेक, पण रात्रभर चालवत राहायला हवं, आणि दोन दिवस हिरवं नाही, कोरडा कडबाच थोडा थोडा. त्याने विचारलं, कडबा कुठून आणू?
आत जाऊन चाचांना सांगितलं, एक पेंढी द्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या एका पेंढीने उद्या कुणाचं तरी तोंड रिकामं राहणार. दिली.
कागदपत्रं पिशवीत भरलीयत. उद्या संध्याकाळी केजला मुक्कामाला जाऊ की मंगळवारी पहाटेच्या जीपने, ठरवलं नाही. पहाटे गेले तर सोमवार पूर्ण फाटकावर थांबता येईल.
मी नसताना मंगळवारी फाटकावर कोण असेल, सोसायटीत आणि पुण्यालाही विचारलं. कुणी सांगितलं नाही.