आतून आलेली हाक

पिंपळगाव बसवंत
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय तेजू,

अनेक आशीर्वाद. हर्षलची परीक्षा जवळ आली असेल, त्याला फार रागवू नकोस.

फोनवर मी 'नाना बरे आहेत' एवढंच सांगते, कारण ते शेजारी ऐकत पडलेले असतात. उजव्या अंगावरून वारं गेलंय. मी आठ दिवसांसाठी आले होते, आज तेविसावा दिवस. मी उठले की ते डाव्या हाताने माझी ओढणी घट्ट धरतात.

मागच्या खोलीत मी अजून गेलेले नाही. आता लिहितेच. आई काविळीने गेली नाही, तेजू.

तू तीन वर्षांची, देवळ्याला मामाकडे होतीस. आईलाही नानांना सोडून, आपल्याला घेऊन कायमचं तिकडेच जायचं होतं. नानांनी तिला त्या खोलीत कोंडलं. अंगात ताप होता. तीन दिवस! नाना कामावर गेले की ती हाक मारायची, "उज्वला, कडी काढ गं बाळा." कडीला माझा हात पुरत होता. पण नानांच्या धाकाने मी कानांत बोटं घालून मोठ्याने पाढे म्हणत बसायचे. तिसऱ्या दुपारी हाक आलीच नाही.

"कडी तू काढली नाहीस," नाना मला म्हणाले. "कुणाला सांगितलंस तर तुझंच नाव येईल."

बत्तीस वर्षं मी गप्प राहिले. काल भरदुपारी विचारलं, "नाना, आईला का कोंडलंत?"

ओठ वाकडे करत ते म्हणाले, "तू... कडी..."

मी ओट्यावर येऊन रडले. शेजारच्या कुसाबाई दूध घेऊन आल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या खालीच बसल्या.

"आमाला आईकू येत व्हतं, बाई. समद्या गल्लीला. कोनीच आलं नाय. तू तर लेकरू व्हतीस."

आत जाऊन मी नानांना म्हटलं, "मी नऊ वर्षांची होते." त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मी त्यांना पेज भरवली. दुसरं कोण भरवणार? रजा संपली, माणूस मिळत नाही, आणि त्यांना असंच टाकून निघायला पाय उचलत नाही. याचा मला रागही येतो.

ये म्हणत नाही. पण मामाला खरं सांग. माझं नाव वगळू नकोस.

हे वाचून मला ताई म्हणवेल की नाही, ते तू ठरव. तोवर नुसतीच,

उज्वला