रवळनाथाला विचारलेली मॅच

३ जाने. ९९, रविवार
खर्च: तूरडाळ दोन किलो ६२. गूळ एक किलो १४. तीळ पाव किलो १०. नारळ दोन १३. ह्यांच्या पोटाची सोनोग्राफी, रिपोर्टसह ४५०, पावती डब्यात. डाळ तळमजल्यावरच्या पाटीलभाऊंनी एपीएमसीतून आणून दिली. ते तिथेच हमाली करतात, भाव पाडून आणतात.
रिपोर्ट इंग्रजीत. ह्यांनी वाचला, घडी करून टीव्हीखाली ठेवला. वर चहा मागितला.

४ जाने., सोम.
डॉक्टरांनी मराठीतून सांगितलं. मोठ्या आतड्यात गाठ आहे. ऑपरेशन करावंच लागेल. २५ ला खाट मिळतेय, ती सोडली तर फेब्रुवारीअखेर. मधे आतडं बंद पडलं तर अवघड होईल.
हे म्हणाले, "डॉक्टर, २८ पासून पाकिस्तानची टेस्ट आहे." डॉक्टरांना चेष्टा वाटली.
येताना भाजी घेतली. काय घेतली ते घरी येऊन पिशवी उघडल्यावर कळलं.

५ जाने., मंगळ. उपास.
चेष्टा नव्हती. पाकिस्तानच्या दोन्ही मॅच बघूनच दवाखान्यात जाणार म्हणतात. बारा वर्षांपूर्वी पाकिस्तानवाले आले होते तेव्हा शेवटच्या दिवशी ह्यांची पावणे गावच्या कंपनीत दुपारपाळी होती. आपण थोडक्यात हरलो ते गेटवरच्या वॉचमनने सांगितलं. तो विषय अजून काढतात.
कंपनीत सगळे अंदाज ह्यांनाच विचारायचे. कोण जिंकणार, कितव्या दिवशी. बहुतेक बरोबर यायचा. मी विचारलं, मग ह्या वेळी काय? सांगत नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "आजवर माझा अंदाज, ह्या खेपेला तुझ्या देवाचा. गावच्या रवळनाथाला कौल लाव. आपण जिंकणार असू तर बघून जातो. हरणार असू तर २५ ला ने मला, हरायची मॅच कोण बघतो."
जन्मात देवळात पाऊल ठेवलं नाही ह्यांनी. बाहेर चपला राखायचे.

६ जाने.
कौल म्हणजे पोरखेळ नव्हे. ओल्या कळ्या देवाला लावायच्या, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. सासूबाईंचा नियम, एका गोष्टीला एकच कौल. मनासारखा नाही पडला म्हणून पुन्हा लावायचा नाही. माझं लग्न ह्याच घरात ठरलं ते उजव्या कळीवर.
मी म्हटलं, मीच लावते, घरातल्या देवापुढे. म्हणाले नको. तुझ्या हातचं नको, गावच्या देवळातल्या गुरवाच्या हातचं पत्र पाहिजे.
ओळखतात मला.

७ जाने., गुरु.
२८ ची पहिली मॅच दिल्लीला होती, तिथली खेळपट्टी कुणी रात्रीत उखडली. पाटीलभाऊ कामाला जाता जाता दारात उभे. "आता कसली मॅच न् काय, वैनी. दादांना सांगा, चला म्हनावं दवाखान्यात." हे टीव्हीसमोरून उठले नाहीत.
मला बरं वाटलं. सांजवात लावली, हात जोडले, पण बरं वाटल्याचं देवाला बोलले नाही. त्याला सांगण्यासारखं नव्हतं.
बॅग काढून पुसून ठेवली.

१२ जाने., मंगळ.
पहिली मॅच आता चेन्नईला, दिल्ली नंतर. २८ तारीख तीच राहिली. ह्यांनी कॅलेंडरवर पेनाने गोल केला. २५ च्या चौकोनात दूधवाल्याचा खाडा लिहिलाय, तो तसाच.
जेवण निम्मं टाकलं. पोट दुखतंय का विचारलं तर म्हणे भात कच्चा आहे. भात कच्चा नव्हता.
"तुला भीती वाटते का?" मला विचारलं. मी म्हटलं कशाची. म्हणाले, "अगं, हरण्याची." मी ताट उचललं.

१४ जाने., गुरु. संक्रांत.
तिळाचे लाडू केले, गूळ पुरला. पाटीलभाऊ आले, तिळगूळ घेतला. ह्यांना विचारलं, दादा, यंदा काय होनार. हे देवाकडे बोट करून म्हणाले, चिठ्ठी यायचीय.  भाऊ मला जिन्यापर्यंत बोलावून हळूच म्हणाले, "वैनी, गुरवाला दोन वळी ज्यादा लिवा. देव काय पत्रं वाचतोय व्हय?"
आत येऊन इनलँडवर लिहायला बसले. काही पडलं तरी डावाच कळवा, एवढं लिहिलं. मग हात पुढे जाईना. फाडलं. एक इनलँड फुकट.
आपण हरावं असं मागायचं, आणि तेही पाकिस्तानकडून. बिल्डिंगमध्ये कुणाला कळलं तर तोंड दाखवायला नको. पण ती लाज पण नीट वाटत नाही. काहीच नीट वाटत नाही सध्या.

१५ जाने., शुक्र.
दुसरं इनलँड. टाकायच्या आधी इथे उतरवून ठेवते.

"गुरवकाकांना नमस्कार. इकडे हे आजारी आहेत, ऑपरेशन सांगितलंय. तुम्ही देवासमोर एवढंच विचारायचं, पाकिस्तानबरोबरच्या मॅचमध्ये आपण जिंकणार का. प्रश्न विचित्र आहे, पण ह्यांनी तोच घातलाय, दुसरा विचारू नका. आमच्या नावाने नारळ ठेवा, मे महिन्यात गावी आले की पैसे देईन. मी माझ्याकडून देवाला काहीच मागितलेलं नाही, तुम्हीही मागू नका. उजवी पडली तर उजवी लिहा, डावी पडली तर डावी. कुणाची दया म्हणून फिरवू नका, माझीसुद्धा. पत्र तुमच्या हातचं असू दे, ह्यांच्या नावे पाठवा. २५ च्या आत इथे पोचायला हवं, म्हणून कळी पडेल त्याच दिवशी उलट टपाली कळवा."