पिवळ्या पट्ट्यांवर सुनंदा

३ नोव्हेंबर, सोमवार
चलान आलं! पुढे जागा नसताना गाडी चौकातल्या पिवळ्या पट्ट्यांवर घातली, आडवी वाहतूक अडवली. तिथे कॅमेरा बसावा म्हणून तीन वर्षं बातम्या लिहिणारा मी, आणि सापडली माझीच गाडी. मी चालवत नाही, चालवते सुनंदा. पराक्रम पत्नीचा, चलान पतीच्या मोबाइलवर.

सोबत फोटो. मोठा करून पाहिला. सुनंदा हसतेय — मान मागे टाकून, तोंडभर! बाजूच्या सीटवर एक पुरुष. मान खाली, चेहरा दिसत नाही. कॅमेरा उंचावर, म्हणून टाळूवरचं टक्कल तेवढं दिसतं. होडीच्या आकाराचं, उजवीकडे कललेलं.

माझ्या कुठल्या विनोदावर ती अशी हसली होती? आठवत नाही.

४ नोव्हेंबर
यत्र धूमस्तत्र वह्निः. जिथे धूर, तिथे अग्नी; जिथे टक्कल, तिथे आनंदा! सुनंदाच्या तळोज्याच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. कायम टोपी घालतो, उगाच का?

चहा पिताना सहज विचारलं, "तुमचे आनंदा सर फार विनोदी आहेत का गं?"
"अहो, त्यांचं काय मध्येच?"
मध्येच! या शब्दावर एखाद्या भाष्यकाराने चार पानं लिहिली असती. मी रात्रभर जागून मनात लिहिली.

५ नोव्हेंबर
जेवताना दोन विनोद सांगितले. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

७ नोव्हेंबर
तळोज्याच्या हवेवर बातमी करतोय असं सांगून शाळेच्या फाटकाशी आनंदाला गाठलं. "फोटो घेतो, टोपी काढा जरा." काढली. कपाळापासून मानेपर्यंत निखळ समुद्र! यात होडी कुठली?

तरी विचारलंच — मॅडमच्या गाडीतून जाता ना?
"नाय हो साहेब! चारचाकीत मला मळमळतं. मी आपला बाइकवर. आणि मॅडम सारख्या तुमचेच किस्से सांगतात."

म्हणजे तिसराच कुणीतरी. आनंदा निदान ओळखीचा होता!

९ नोव्हेंबर, रविवार
केस कापायला दादूकडे. कापून झाले की दादू डोक्यामागे आरसा धरतो, मी चष्म्याशिवायच "छान" म्हणतो. वर्षानुवर्षांचा रिवाज. आज चष्मा लावला.

"शेंडीच्या जागी जरा मोकळं झालंय, साहेब. वर्ष होऊन गेलं. तुम्ही छान म्हणता, मग मी कशाला बोलू?"

होडी. उजवीकडे कललेली.

१० नोव्हेंबर
चलानावरची तारीख आज वाचली. १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.४०. करंजा बंदरावरून सुकट घेऊन परतत होतो, दोघंच. मी काहीतरी बोललो असेन. मग मान खाली घालून मोबाइलवर त्याच चौकाची बातमी लिहीत बसलो.

ती हसली ते कॅमेऱ्याने पाहिलं. मी हातभर अंतरावर होतो.

फोटो जपून ठेवलाय. हेवा आता कॅमेऱ्याचा.